जगातली अण्वस्त्रं मोजायची कशी? नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

जून २०२४. शाळा नुकतीच सुरू झाली होती. नववीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, जगात अणुबॉम्ब नक्की किती आहेत?" सकाळीच पेपरात बातमी वाचली होती, म्हणून मी लगेच फळ्यावर आकडा लिहिला: १२,१२१. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा दुसऱ्या पेपरचं कात्रण घेऊन आला. त्यात आकडा होता ९,५८५. दोन्ही बातम्या एकाच संस्थेच्या एकाच अहवालावरून लिहिलेल्या. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मला उत्तर येत नव्हतं.

ते शोधायला आठवडा गेला. दोन्ही आकडे बरोबर होते, फक्त दोन वेगळ्या गोष्टींचे होते. तेव्हापासून मी अण्वस्त्रांची वही ठेवते. मी भूगोल शिकवते, भौतिकशास्त्र नाही, आणि या कामाला भौतिकशास्त्राची पदवी लागतही नाही. लागतो तो सावकाश वाचायचा धीर, आणि आकड्याशेजारी तारीख लिहायची सवय. मला जे अडखळत कळलं ते इथे क्रमानं मांडते आहे. जी शस्त्रं तासाभरात शहरंच्या शहरं पुसून टाकू शकतात, ती किती आहेत आणि कुठल्या दिशेनं चालली आहेत हे सामान्य माणसाला कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी एवढं जमवा

• एक स्प्रेडशीट. रकाने सहा: देश, आकडा, कशाचा आकडा, कुठल्या तारखेचा, कोणी सांगितला, किती खात्रीचा.
• संगणकावर गूगल अर्थ प्रो. हे मोफत मिळतं. फोनवरच्या ॲपवर काम भागत नाही, कारण जुनी छायाचित्रं मागे-पुढे करून बघायची सोय आणि मोजपट्टी संगणकावरच नीट वापरता येते.
• कोपर्निकस ब्राउझरचं मोफत खातं. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची ताजी छायाचित्रं इथे मिळतात.
• वेबॅक मशीनची सवय. सरकारी पानं गायब होतात. वाचलेलं प्रत्येक पान त्याच दिवशी तिथे जतन करून ठेवा.
• इंग्रजी शब्दकोश. मूळ कागद बहुतेक इंग्रजीतच आहेत आणि त्यांतल्या एकेका शब्दावर सगळं अवलंबून असतं.

१. शब्द पक्के करा, मगच आकड्याला हात लावा

सुरुवातीचा जवळजवळ सगळा गोंधळ इथेच होतो. स्टॉकहोमची 'सिप्री' ही संस्था दर वर्षी जानेवारीतली स्थिती जाहीर करते. जानेवारी २०२५ चे तिचे आकडे समोर ठेवून बघू.

जगातली एकूण अण्वस्त्रं १२,२४१. यात सगळं आलं, मोडीत काढण्यासाठी बाजूला ठेवलेली शस्त्रंसुद्धा.

लष्करी साठा ९,६१४. म्हणजे सैन्याच्या ताब्यातली, वापरता येतील अशी शस्त्रं. एकूणातून हा आकडा वजा केला की उरतात २,६२७. ही निवृत्त शस्त्रं, नष्ट व्हायची वाट बघणारी.

तैनात ३,९१२. क्षेपणास्त्रांवर बसवलेली किंवा बॉम्बफेकी विमानांच्या तळावर ठेवलेली.

आणि या तैनातांपैकी सुमारे २,१०० सतत सज्ज, म्हणजे काही मिनिटांत डागता येतील अशा अवस्थेत. जवळजवळ सगळी रशिया आणि अमेरिकेची.

माझ्या वर्गातल्या दोन आकड्यांचा उलगडा हाच. १२,१२१ हा २०२४ चा एकूण आकडा होता आणि ९,५८५ हा त्याच वर्षीचा लष्करी साठा. बातमीत "अमुक देशाकडे इतके अणुबॉम्ब" असं वाचलं की पहिला प्रश्न हा विचारा: कुठल्या रकान्यातले? रशियासाठी हा फरक हजाराहून जास्त पडतो. जानेवारी २०२५ ला एकूण ५,४५९, पण लष्करी साठा ४,३०९.

आणखी एक जोडी लक्षात असू द्या. दूरवरच्या शहरांवर आणि तळांवर रोखलेली ती व्यूहात्मक शस्त्रं. रणांगणासाठीची, कमी पल्ल्याची ती डावपेचात्मक. रशियाकडे दुसऱ्या प्रकारची शस्त्रं मोठ्या संख्येनं आहेत आणि ती आजवर कुठल्याच करारात मोजली गेलेली नाहीत.

२. आकड्याची जात ओळखा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. अण्वस्त्रांचा आकडा तीन जातींचा असतो: मोजलेला, सांगितलेला आणि ताडलेला. वहीतला सहावा रकाना यासाठीच आहे.

मोजलेला आकडा सगळ्यात दुर्मीळ. अमेरिका आणि रशियात ८ एप्रिल २०१० ला 'न्यू स्टार्ट' करार झाला आणि ५ फेब्रुवारी २०११ ला तो लागू झाला. प्रत्येकी १,५५० तैनात वॉरहेड आणि ७०० तैनात क्षेपणास्त्रं-विमानं अशी मर्यादा ठरली. (वॉरहेड म्हणजे क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसणारं प्रत्यक्ष अण्वस्त्र.) दोन्ही देश सहा महिन्यांनी आकडे एकमेकांना देत आणि वर्षाला १८ पर्यंत तपासण्या एकमेकांच्या तळांवर जाऊन करत. कोविडमुळे मार्च २०२० मध्ये तपासण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. सप्टेंबर २०२२ ला शेवटची देवाणघेवाण झाली: अमेरिका १,४२०, रशिया १,५४९. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियानं करारातला सहभाग स्थगित केला, आणि कराराची मुदत तर ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

मोजलेला आकडासुद्धा नियम वाचूनच घ्यायचा. या करारात एक बॉम्बफेकी विमान म्हणजे एक वॉरहेड असं धरत. प्रत्यक्षात एक बी-५२ विमान २० क्रूझ क्षेपणास्त्रं नेऊ शकतं. करारातला आकडा आणि अभ्यासकांचा आकडा जुळत नाही म्हणून कोणीतरी खोटं बोलतंय असं समजू नका. मोजायची रीतच वेगळी आहे.

सांगितलेला आकडा म्हणजे सरकारनं स्वतः जाहीर केलेला. अमेरिकेनं २०१० मध्ये सांगितलं की सप्टेंबर २००९ ला तिच्या साठ्यात ५,११३ वॉरहेड होते आणि १९६७ मध्ये सर्वाधिक, ३१,२५५ होते. मधली काही वर्षं तिनं आकडा दिला नाही. जुलै २०२४ मध्ये पुन्हा दिला: सप्टेंबर २०२३ ला ३,७४८. ब्रिटन उलट्या दिशेनं गेलं. २०२१ मध्ये त्यानं कमाल मर्यादा २६० वर नेली आणि यापुढे तैनातीचे आकडे जाहीर करणार नाही असंही सांगून टाकलं. सरकारनं आकडा देणं बंद केलं तर तीही वहीत नोंदवायची घटना आहे. माझ्या वहीत अशा नोंदी लाल शाईनं आहेत.

ताडलेला आकडा म्हणजे चीन, भारत, पाकिस्तान, इस्रायल आणि उत्तर कोरिया. जानेवारी २०२५ चे सिप्रीचे अंदाज अनुक्रमे ६००, १८०, १७०, ९० आणि ५०. आपल्याकडे अण्वस्त्रं आहेत हे इस्रायलनं तर कधी कबूलही केलेलं नाही. असे आकडे लिहिताना "सुमारे" हा शब्द गाळू नका. भारताकडे १८० आहेत आणि पाकिस्तानकडे १७०, म्हणजे आपण दहानं पुढे, अशा पोस्ट फिरतात. दोन अंदाजांमधला दहाचा फरक अंदाजाच्या चुकीतच बुडून जातो. त्यावरून कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवता येत नाही.

३. मूळ विहिरी किती आहेत ते बघा

शंभर वेबसाइटवर तोच आकडा दिसला म्हणून तो शंभर ठिकाणांहून आलेला नसतो. मूळ झरे मोजकेच आहेत.

'फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्स' या संस्थेतले हान्स क्रिस्टेनसेन, मॅट कोर्डा आणि त्यांचे सहकारी एकेका देशावर 'न्यूक्लिअर नोटबुक' लिहितात. ही लेखमाला १९८७ पासून 'बुलेटिन ऑफ द ॲटॉमिक सायंटिस्ट्स'मध्ये येते. एक देश निवडा आणि त्याची नोटबुक तळटिपांसकट वाचा. पहिल्या वाचनाला दोन संध्याकाळी लागतील, पण तेवढ्या द्याच.

सापळा असा की सिप्रीच्या वार्षिक ग्रंथातला अण्वस्त्रांचा भागही मुख्यतः याच मंडळींच्या हातचा असतो. सिप्री आणि फेडरेशन दोघंही हेच म्हणतात, म्हणजे दोन साक्षीदार मिळाले, असं मी वर्षभर समजत होते. साक्षीदार एकच होता.

दुसरा, खरोखर वेगळा झरा म्हणजे सरकारी कागद. चीनबद्दल अमेरिकी संरक्षण खात्याचा वार्षिक अहवाल बघा. मे २०२३ ला चीनकडे ५०० हून जास्त आणि २०२४ च्या मध्याला ६०० हून जास्त वॉरहेड असल्याचं, आणि २०३० पर्यंत ते हजारावर जातील असं त्यात म्हटलं होतं. ते वाचतानाही एक भान ठेवा: प्रतिस्पर्ध्याचं बळ सांगणाऱ्या खात्याला स्वतःचं अंदाजपत्रकही मंजूर करून घ्यायचं असतं. रशियासाठी पावेल पोदविग यांचं वर्षानुवर्षांचं काम वाचा. भारतासाठी संरक्षण मंत्रालयाची पत्र सूचना कार्यालयामार्फत निघणारी निवेदनं. त्यांत मोजक्याच ओळी असतात, पण तारीख, ठिकाण आणि क्षेपणास्त्राचं नाव पक्कं मिळतं.

४. आकडा हलला तर तो का हलला ते स्वतः काढा

हे एकदा हातानं करून बघाच. जानेवारी २०२४ ला जगात १२,१२१ आणि जानेवारी २०२५ ला १२,२४१. वाढ १२०. "जगात एका वर्षात १२० अणुबॉम्ब वाढले" असं वाक्य सहज लिहून होतं. आता देशवार बघू.

चीन ५०० वरून ६००, म्हणजे अधिक १००. भारत १७२ वरून १८०, अधिक ८. रशिया ५,५८० वरून ५,४५९, उणे १२१. अमेरिका ५,०४४ वरून ५,१७७, अधिक १३३. बाकीच्यांत बदल नाही. १०० अधिक ८ उणे १२१ अधिक १३३, बरोबर १२०.

म्हणजे सगळ्यात मोठी वाढ अमेरिकेची दिसते. पण तिचे रकाने उघडले तर लष्करी साठा ३,७०८ वरून ३,७०० झाला आहे, म्हणजे घटला आहे. वाढला तो निवृत्त शस्त्रांचा अंदाज, १,३३६ वरून १,४७७. निवृत्त शस्त्रं कोणी नव्यानं बनवत नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेनं नवी माहिती दिली आणि अभ्यासकांनी आपला अंदाज सुधारला, एवढंच झालं. खरी वाढ चीनची, आणि थोडी भारताची.

ही बेरीज मी फळ्यावर केली तेव्हा मुलांनी आपापल्या वह्यांत उतरवून घेतली. आकड्याच्या बदलामागे कायम तीनच शक्यता असतात: शस्त्रं बदलली, माहिती बदलली, किंवा मोजायची रीत बदलली. वहीत बदल लिहिताना यातलं कारण कोणतं तेही लिहा.

५. 'आधुनिकीकरण' म्हणजे नेमकं काय ते विचारा

या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं दडलेली असतात.

पहिलं आयुष्य वाढवणं. जुनाच बॉम्ब उघडून त्याचे भाग बदलतात. अमेरिकेचा बी-६१-१२ हा असा. दुसरं बदली. अमेरिकेची ४०० मिनिटमन-३ क्षेपणास्त्रं जाऊन त्यांच्या जागी सेंटिनेल नावाची नवी क्षेपणास्त्रं (त्याच नावाच्या युरोपीय उपग्रहांशी यांचा संबंध नाही) यायची आहेत, ओहायो वर्गाच्या १४ अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या जागी कोलंबिया वर्गाच्या १२, आणि बी-२१ हे नवं बॉम्बफेकी विमान १० नोव्हेंबर २०२३ ला पहिल्यांदा उडालं. तिसरं म्हणजे खरी वाढ, जी चीन करतो आहे.

बदलीत वॉरहेडची संख्या वाढेलच असं नाही, पण त्या देशानं पुढची चाळीस-पन्नास वर्षं शस्त्रं ठेवायचं ठरवलंय हे त्यातून कळतं. माझ्या मते नुसत्या वॉरहेडच्या आकड्यापेक्षा हे जास्त बोलकं आहे.

इथे पैशाचा माग उपयोगी पडतो. संख्या गुप्त ठेवता येते, पण संसदेकडून पैसा मागताना काहीतरी सांगावंच लागतं. सेंटिनेलचा खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं, आणि जुलैमध्ये नवा अंदाज आला: सुमारे १४१ अब्ज डॉलर, मूळ अंदाजापेक्षा ८१ टक्के जास्त. अमेरिकी संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयानं २०२५ ते २०३४ या दहा वर्षांसाठी अण्वस्त्रांचा एकूण खर्च ९४६ अब्ज डॉलर धरला आहे.

आणखी एक बदल मोजणीच मोडून टाकतो. एका क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड बसवणं. भारतानं ११ मार्च २०२४ ला 'मिशन दिव्यास्त्र' या नावानं अग्नी-५ ची अशी चाचणी केली. क्षेपणास्त्रं मोजली म्हणजे वॉरहेड मोजले, हा सोपा हिशेब अशा देशांच्या बाबतीत उरत नाही.

६. उपग्रहाच्या डोळ्यानं बघा

भूगोलाच्या बाईला यात सगळ्यात जास्त रस असणार हे उघड आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जून २०२१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या मिडलबरी संस्थेचे जेफ्री लुईस आणि डेकर एव्हलेथ यांनी एक शोध जगासमोर ठेवला. चीनच्या गान्सू प्रांतात युमेनजवळच्या वाळवंटात सुमारे १२० सायलो बांधले जात होते. सायलो म्हणजे क्षेपणास्त्र उभं ठेवायची जमिनीतली खोल विहीर. पुढच्याच महिन्यात मॅट कोर्डा यांना शिंज्यांगमध्ये हामीजवळ दुसरं असंच क्षेत्र सापडलं, सुमारे ११० सायलोंचं. ऑगस्टमध्ये इनर मंगोलियात ऑर्डोसकडे तिसरं. हे सगळं विकत मिळणाऱ्या उपग्रह छायाचित्रांवरून झालं, कुठल्याही गुप्तहेराशिवाय.

तुम्ही आज हे घरी बसून बघू शकता. गूगल अर्थ प्रोमध्ये युमेन शोधा आणि तिथून पश्चिमेच्या वाळवंटाकडे सरका. पहिल्यांदा सगळं नुसतं तपकिरी दिसेल. घाई करू नका. वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबलंत की जुन्या तारखांची पट्टी उघडते. ती २०२० च्या आधी न्या, मग हळूहळू पुढे आणा. आधी कोऱ्या जमिनीवर रस्त्यांची रेघ उमटते. रेघेच्या टोकाशी चौकोनी सपाट जागा होते. तिथे उजळ रंगाचा तंबू दिसू लागतो. हवा भरून फुगवलेले हे घुमट, खाली चाललेलं खोदकाम वरून दिसू नये म्हणून लावलेले. आता मोजपट्टी घ्या आणि एका घुमटापासून शेजारच्या घुमटापर्यंत ओढा. अंतर येतं साधारण ३ किलोमीटर. पुढचाही तेवढाच, त्याच्या पुढचाही. एका शत्रू-वॉरहेडनं दोन सायलो जाऊ नयेत म्हणून हे अंतर राखलेलं असतं. मी पहिल्यांदा ही जाळी पाहिली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मला बराच वेळ झोप लागली नाही.

सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतो, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. घुमट मोजक्या ठिपक्यांचा दिसतो. काम सुरू झालं की थांबलं हे त्यावरून कळतं, काय बांधलं ते कळत नाही.

आता सापळे. एक, छायाचित्राची तारीख. बातमी आजची असते, चित्र दीड वर्षापूर्वीचं असू शकतं. वहीत चित्राची तारीख लिहा, बातमीची नाही.

दोन, दिसतं तसं नसतं. एका दिवाळीच्या सुट्टीत हामीच्या परिसरात मला ओळीनं बांधलेले गोल पाये सापडले. तीन दिवस मी ते नकाशावर खुणा करत बसले होते. चौथ्या दिवशी सकाळच्या उन्हातलं एक चित्र मिळालं, त्यात प्रत्येक पायाच्या शेजारी लांब बारीक सावली आणि सावलीच्या टोकाला तीन पाती. पवनचक्क्या. गंमत अशी की २०२१ मध्ये उलटा दावाही झाला होता, सायलो म्हणजे पवनचक्क्याच आहेत असा. दोन्ही बाजूंची परीक्षा सारखीच करायची: सावली बघा, अंतर मोजा, कुंपण आहे का ते बघा. पवनचक्क्यांमधलं अंतर काहीशे मीटर असतं.

तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. सायलो मोजला म्हणजे क्षेपणास्त्र मोजलं असं होत नाही. १९७९ मध्ये खुद्द अमेरिकेनं एमएक्स क्षेपणास्त्रांसाठी ४,६०० निवारे बांधून त्यांत फक्त २०० क्षेपणास्त्रं फिरती ठेवायची योजना आखली होती. शत्रूला सगळेच निवारे भरलेले समजावे लागतात. म्हणून चीनच्या तीन क्षेत्रांत तीनशेहून जास्त सायलो असले तरी वहीत "सायलो" असाच रकाना भरायचा.

७. चाचण्यांचा माग

क्षेपणास्त्राच्या चाचणीआधी विमानांसाठी 'नोटॅम' निघतो, म्हणजे अमुक वेळात अमुक हवाई क्षेत्र धोक्याचं आहे अशी सूचना. बंगालच्या उपसागरासाठी असा नोटॅम निघाला की ओडिशाच्या किनाऱ्यावरून चाचणी होण्याची शक्यता असते. सूचनेतले अक्षांश-रेखांश गूगल अर्थवर टाका आणि पट्टा मोजा. पण पट्ट्याची लांबी म्हणजे त्या क्षेपणास्त्राचा पल्ला नव्हे. कमी पल्ल्यावर चाचणी करता येते आणि मुद्दाम लांब पट्टाही जाहीर करता येतो. नोटॅम रद्दही होतात. सरकारी निवेदन येईपर्यंत चाचणी झाली असं लिहू नका.

निवेदन न येण्यातूनही कधी कधी कळतं. सप्टेंबर २०२४ मध्ये रशियाच्या प्लेसेत्स्क तळावर सार्मात क्षेपणास्त्राच्या सायलोच्या जागी प्रचंड खड्डा पडल्याचं उपग्रह छायाचित्रांत दिसलं. त्याआधीच्या चित्रात तिथे धड इमारती होत्या. अपयशाची कबुली कोणी दिली नाही, पण दोन चित्रं शेजारी ठेवली की पुरे.

८. घराजवळचं उदाहरण: तुर्भे (ट्रॉम्बे)

भारतासारख्या देशाचा आकडा ताडतात कसा, हे मुंबईच्या माणसाला अगदी जवळून समजून घेता येईल. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव ही अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. औष्णिक क्षमता १०० मेगावॉट. १९७४ च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियम (अणुभट्टीत तयार होणारा, बॉम्बच्या गाभ्यात वापरतात तो धातू) तिच्या थोरल्या बहिणीचं, सायरसचं. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली.

अशा भट्टीत एक मेगावॉट-दिवसाला (म्हणजे एक मेगावॉट क्षमतेनं एक दिवस चालल्यावर) साधारण एक ग्रॅमच्या आसपास प्लुटोनियम तयार होतं. भट्टी वर्षातले ७० टक्के दिवस चालली असं धरा: १०० गुणिले २५५ दिवस, म्हणजे २५,५०० मेगावॉट-दिवस, म्हणजे ढोबळ मानानं २० ते २५ किलो. एका वॉरहेडला चार-पाच किलो धरले तर वर्षाला चार-पाच वॉरहेडपुरता माल. एवढ्या तीन ओळींच्या हिशेबात किती "धरा" आले ते मोजा. भट्टी खरंच किती दिवस चालली, इंधन कधी काढलं, त्यातलं किती शुद्ध केलं आणि किती नुसतं साठवलं, यातलं काहीच जाहीर नाही. म्हणून अभ्यासक प्लुटोनियमच्या हिशेबाला क्षेपणास्त्रं, विमानं आणि पाणबुड्यांच्या मोजणीची जोड देतात. २९ ऑगस्ट २०२४ ला विशाखापट्टणमला आयएनएस अरिघात ही पाणबुडी नौदलात दाखल झाली. अशी नोंद अंदाज पुढे सरकवते.

तारापूरची वीजनिर्मिती आणि तुर्भ्याचं काम एकत्र करू नका. तारापूरच्या १९६९ पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. अणुवीज केंद्र दिसलं की बॉम्बचा कारखाना, असं नसतं.

९. अफवेच्या दिवसांत काय करायचं

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'नंतर आमच्या हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवा व्हिडिओ यायचा. पाकिस्तानातल्या किराणा टेकड्यांत अण्वस्त्रांच्या साठ्यावर मारा झाला, किरणोत्सर्ग पसरला, भूकंप म्हणजे खरं तर अणुचाचणीच. भारतीय हवाई दलानं किराणा टेकड्यांवर मारा केल्याचं १२ मे ला स्पष्ट नाकारलं. पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्गाची गळती झालेली नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं सांगितलं.

भूकंपाची शंका तुम्ही स्वतः तपासू शकता. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या पानावर प्रत्येक धक्क्याची जागा, खोली आणि तीव्रता असते. "खोली १० किलोमीटर" वाचून लोक म्हणतात, बघा, उथळ आहे, म्हणजे स्फोटच. खोली नीट ठरवता येत नाही तेव्हा तिथे १० किलोमीटर हा ठरावीक आकडा घालतात. शिवाय १० किलोमीटर खोल कोणी अणुचाचणी करत नाही. तुलनेसाठी उत्तर कोरियाची ३ सप्टेंबर २०१७ ची नोंद उघडा: जागा पुंग्ये-री, खोली शून्य, तीव्रता ६.३. त्या देशाच्या सहाही चाचण्या त्याच ठिकाणच्या. खरा स्फोट नोंदीत कसा दिसतो ते एकदा बघितलं की पुढच्या वेळी फसायला होत नाही.

अशा दिवसांत माझा नियम एकच: ४८ तास वहीत काहीच लिहायचं नाही, आणि काहीही पुढे पाठवायचं नाही.

१०. हद्द ओळखा

आपलं काम जाहीर कागदांवर आणि जाहीर छायाचित्रांवरच चालवा. प्रतिबंधित ठिकाणांच्या आसपास फोटो काढू नका, ड्रोन तर मुळीच नको. अशा संस्थांत काम करणाऱ्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना आतलं काही विचारू नका. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आणि अणुऊर्जेबद्दलचा कायदा दोन्ही कडक आहेत, आणि आपल्या कुतूहलापायी त्यांची नोकरी जाऊ शकते.

११. वर्षाचं वेळापत्रक

रोज बातम्यांमागे धावायची गरज नाही. महिन्याला दोन संध्याकाळी पुरतात.

फेब्रुवारीपासून पुढे अमेरिकी अंदाजपत्रकाचे कागद येऊ लागतात. त्यांत फक्त क्षेपणास्त्रं, पाणबुड्या आणि वॉरहेडच्या आयुष्यवाढीची पानं वाचा. जूनमध्ये सिप्रीचा वार्षिक ग्रंथ. त्या दिवशी चौथ्या पायरीतली देशवार बेरीज-वजाबाकी करा, पेपरातल्या बातम्या त्यानंतर वाचा. वर्षभर मधूनमधून न्यूक्लिअर नोटबुक, एका वेळी एक देश. वर्षाच्या शेवटाकडे अमेरिकी संरक्षण खात्याचा चीनवरचा अहवाल.

आणि १ जानेवारी. भारत आणि पाकिस्तान या दिवशी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला, २७ जानेवारी १९९१ पासून तो लागू आहे, आणि पहिली देवाणघेवाण १ जानेवारी १९९२ ला झाली. कारगिलच्या वर्षानंतरही ती झाली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतरच्या जानेवारीतही झाली. २०२५ ची ३४ वी. याद्यांमध्ये काय असतं ते जाहीर होत नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं छोटं निवेदन येतं तेवढंच. ते वाचायचं आणि वहीत तारखेसमोर लिहायचं: "याद्या दिल्या, घेतल्या."